तिवरवाडीची शिरगणती

कोलशेतच्या पुढे, खाडीच्या पार पोटात तिवरवाडी होती. गावाला रस्ता नव्हता. भरतीला होडी, ओहोटीला मिठागराचा बांध, आणि बांध संपला की गुडघाभर चिखल. ठाण्याला निघालेल्या माणसाला आधी पाण्याची वेळ बघावी लागे. सरकारी माणूस तिकडे कधी फिरकलाच नव्हता.

१९५१ च्या फेब्रुवारीत एक आला आणि वाट चुकून कमरेपर्यंत रुतला. ठाण्याच्या शाळेतले आनंद गुप्ते मास्तर शिरगणतीचे कागद डोक्यावर धरून उभे होते. पाय उपसायला जावं, तर ते आणखीच खोल जात. मालन भोईर तिथे चिंबोऱ्या-खेकडे धरत होती. पन्नाशीची बाई, गावची सुईण.

"मास्तर, पाय वढू नका. आडवं पडा," ती म्हणाली.

"कागद भिजतील हो."

"ते माझ्याकडं द्या."

मास्तर आडवे झाले आणि सुटले. मालनने त्यांना घरी नेलं, नवऱ्याचं धोतर नेसायला दिलं आणि मग स्वतःच घरोघर फिरवलं. वय विचारलं की लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मग मालन सांगे, "हा धाकू. उधाणात मोठा बांध फुटला ना, त्याच आठवड्यातला." मास्तर तेवढ्यावरून साल काढत.

दुपार कलली तेव्हा बेरीज झाली. एकशे सत्त्याण्णव.

मालन जरा घुटमळली. "यातली माझ्या हातची किती, ते निघंल?"

मास्तरांनी पुन्हा कागद उघडले. ती नावं सांगत गेली, ते रेघा मारत गेले. एकशे तेवीस भरले. तीस वर्षं मालन एकेका घरात एकेका बाईजवळ बसत आली होती. सगळ्यांना एकत्र असं तिने कधी पाहिलंच नव्हतं. समोरून मिठागरातली माणसं परतत होती, बाया पाणी आणत होत्या, कुणी कुणाला हाक मारत होतं. यातल्या बहुतेकांचं डोकं पहिल्यांदा तिच्या तळव्यावर टेकलं होतं. ती ओट्यावर बसली.

जाताना मास्तरांनी बजावलं, एक मार्चचा सूर्य उगवेपर्यंत जन्मलेलं मूल गणतीत घ्यायचं, नंतरचं नाही.

तीन मार्चला ते फेरतपासणीसाठी होडीने परत आले. राघोची बायको जया नेमकी एक तारखेला पहाटे बाळंत झाली होती.

"उजाडायच्या आधी की नंतर?" मास्तरांनी विचारलं.

'आधी' म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण मालन म्हणाली, "पोर आलं तवा नुसतं तांबडं फुटलं होतं. पण रडंना. पाठ चोळत बसले. रडलं तवा खाडीवर ऊन पडलं होतं."

मास्तरांचा टाक थांबला. "मग जन्म कुठला धरायचा?"

"तो आलेलाच होता, मास्तर. आमी त्याच्या आवाजाची वाट बघत होतो."

मास्तरांनी त्या पोराकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी आकडा खोडून एकशे अठ्ठ्याण्णव केला.

तो आकडा आणि ठाण्याच्या इस्पितळापर्यंत पोचायला लागणारे तास लिहून मास्तरांनी रस्त्यासाठी अर्ज केला. उत्तर येईना, म्हणून दरवर्षी पुन्हा केला. पाचव्या वर्षी मंजुरी आली. गावाने स्वतः मुरूम वाहिला, बांध रुंद केला, आणि छप्पन सालच्या हिवाळ्यात त्यावरून एसटी आली.

जयाला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. तिला इस्पितळात दाखवायला मालन पहिल्याच गाडीत बसली. दोन्ही बाजूंना भरतीचं पाणी चमकत होतं आणि गाडी मधून कोरडी चालली होती. मालनने खिडकीची दांडी घट्ट धरली होती. तिवरांची झाडं मागे गेली, कोलशेत मागे गेलं. चिखलाची जागा कधी गेली ते तिला कळलंच नाही.

"आजी, ठाणं आलं," कंडक्टर म्हणाला.

"आलं?" मालनने विचारलं, आणि उतरायचं विसरून ती तशीच बसून राहिली.