मैदानावरच्या लेंड्या

अंगात कॉलेजची जर्सी, पायात बूट, आणि मी भर मैदानात वाकून लेंड्या वेचतोय. शेजारी माझा बाप, तोही वाकलेला. कडेच्या खुर्च्या भरल्या होत्या. नांदेडकडून आलेला संघ हसत होता. आमचाही हसत होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही हिंगोलीजवळचे धनगर. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला, त्यात फुटबॉलच्या संघात निवडलेला. मेंढरांमागं पळून छातीत दम भरपूर होता, तेवढाच काय तो माझा वशिला. हंगामातली पहिली मॅच आमच्याच मैदानावर होती आणि पावसानं गवत गुडघ्याला आलं होतं. खेळाचे सर म्हणाले, तुमची मेंढरं आण, खाऊन टाकतील. फुकटात काम. मला तर आनंदच झाला.

बापानं मेंढरं आणली, दिवसभर चारली आणि रात्री मुक्कामालाही तिथंच बसवली. आमच्याकडं शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, वर ज्वारी देतात. बापानं पोराच्या कॉलेजला ते खत फुकट दिलं. त्याच्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं. भेटेल त्याला कौतुकानं सांगत होता.

सकाळी मैदान बघून सर माझ्यावर धावून आले. तुमची घाण तूच काढ, नाहीतर खेळायचं विसर. मी टोपली घेतली. मला खेळायचं होतं. बाप न बोलावता मदतीला आला.

आमचा कप्तान संस्थेच्या अध्यक्षाचा मुलगा. माझ्याच वयाचा. त्यानं बुटाच्या टोकानं गवत दाखवलं.

"ए मेंढक्या, इथं राहिल्यात."

हे माझ्या बापाला.

"व्हय मालक," बाप म्हणाला आणि त्याच्या पायाशी बसला.

मला लाज वाटली. आधी बापाची. मग स्वतःची, बापाची लाज वाटली म्हणून. आणि मग संताप आला. बापाच्या हातातली टोपली घेतली, मैदानाच्या मधोमध नेली आणि पालथी केली.

"हे खत हाये. लोक ज्वारी देऊन नेतात. नको असंल तर तुमी उचला."

सर म्हणाले, संघातून काढतो. मी म्हणालो, काढा.

बाप घाबरून गेला. "काहून असं करून राहिला रं? माफी माग."

नाही मागितली. बापाचा हात धरला आणि निघालो.

त्या हंगामात संघ कुठवर पोचला, मी कुणाला विचारलं नाही. बाप मात्र पुढं सांगत राहिला, चूक माझीच झाली, माझ्यामुळं पोराचा खेळ गेला. तेच डोक्यात घेऊन तो मेला. याची माफी त्या लोकांना माझ्याकडं नाही.

आता तो कप्तान अध्यक्ष झालाय. जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवलाय म्हणे. मलाही निरोप आलाय, या, झालं गेलं विसरा.

मी जाणार आहे. शाल घ्यायला नाही. स्टेजवर चढणार आणि त्या सकाळी माझ्या बापाला कुणी पायाशी बसवलं ते नावानिशी सांगणार. आधी बापाची माफी मागा, मग तुमचा कार्यक्रम. माईक बंद केला तरी चालेल. माळावर हाका मारून कमावलेला गळा आहे माझा, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल.