ओ आली नाही म्हणून...

गेल्या बुधवारी वर्ध्याजवळच्या आंजीतल्या आमच्या दुकानात एक वेगळंच काम आलं. मी झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात बसतो. रोज दाखल्यांचे अर्ज, वारसाची प्रतिज्ञापत्रं, फार तर बारशाची पत्रिका... त्या दिवशी शाळेतल्या एका सरांनी विज्ञान प्रदर्शनासाठीचं भाषण टाइप करायला दिलं. विषय होता, विश्वात दुसरीकडे बुद्धिमान जीव असण्याची शक्यता किती?

माझं शिक्षण दहावीत अडकलं ते अडकलंच. पण जे टाइप करतो ते मी दोनदा वाचतो. एखादी वेलांटी चुकून गेली तर दिवसभर डोक्यात किडा वळवळतो.

सरांनी लिहिलं होतं की एकट्या आपल्या आकाशगंगेत अब्जावधी तारे आहेत. त्यातल्या कितीतरींभोवती ग्रह असतील, त्यातल्या थोड्यांवर पाणी, त्यातल्या थोड्यांवर जीव, आणि त्यातल्याही थोड्यांवर विचार करणारे जीव... तरी उरणारा आकडा लहान नाही. आणि त्याखाली एकच वाक्य. माणूस कितीतरी वर्षं कान लावून बसला आहे, पण अजून कुणाचाही आवाज आलेला नाही.

खरं सांगतो, ते वाक्य मी तिसऱ्यांदा वाचलं. एवढा पसारा आणि त्यात आपण एकटेच...

दुपारी जेवायला घरी गेलो तर मोठी आई सांबाराच्या जुड्या बांधत होती. (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, पुण्याच्या मित्रांनी गोंधळू नये.) मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी. आई-वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तेव्हापासून तिनेच वाढवलं. आता मोठे बाबाही नाहीत. घरात आम्ही दोघंच.

तिला सगळं सांगितलं. हातातली जुडी खाली न ठेवता ती म्हणाली, "असतीन ना बाप्पा! एवढ्या चांदण्या काय नुसत्या शोभेले हायेत?"

"मग कोणाचा आवाज काऊन नाही येत?"

"कामात असतीन. सारेच काय तुह्यासारखे रिकामे राह्यतात?"

मला काही पटलं नाही. आवाज नाही म्हणजे माणूस नाही, असा माझा साधा हिशेब होता.

संध्याकाळी दुकान बंद करून आलो तर घराला कुलूप. म्हणजे ती मळ्यात गेलेली. मागच्या महिन्यात बाजारात भाजी मांडता मांडता तिला चक्कर आली होती. तेव्हापासून बीपीच्या गोळ्यांचा तक्ता मी भिंतीवर चिकटवला आहे, आणि मळ्यात जाताना फोन सोबत ठेवायचा असं कबूल करून घेतलं आहे. फोन लावला... तो घरातच वाजला. कुलपाच्या आत.

मळा दहा मिनिटांवर आहे. सूर्य बुडाला होता, थोडा उजेड उरला होता. धुऱ्यावर, म्हणजे मळ्याच्या बांधावर, उभा राहून हाक मारली, "मोठी आई..." काही नाही. पुन्हा मारली, जीव तोडून. काही नाही. लांब कुठेतरी एक टिटवी ओरडली तेवढीच.

माझं डोकं अशा वेळी फार वेगात धावतं. ती पडलेली दिसली, वर्ध्याचा दवाखाना दिसला, तिथली बाकडी दिसली. आता फोन कुणाला करायचा, म्हणून मनात नावं काढायला गेलो... एकही नाव येईना.

मग मी पळालो. सरळ वांग्यांच्या ओळीतून. एरवी एक पान मोडलं तरी मला वाईट वाटतं.

विहिरीजवळ एका क्रेटवर ती बसली होती. ठणठणीत. मान वाकडी करून, कान देऊन.

"ओ काऊन नाही दिली?" मी जवळजवळ ओरडलोच.

"दोनच हाका आल्या ना," ती अगदी शांत. "दिवेलागणीले तिसऱ्या हाकेबिगर ओ देत नाई, लहानपणी शिकवलं होतं का नाई तुले? भूत दोनदाच हाक मारते. मी तिसरीची वाट पाहून राह्यली होती, तर तू रेड्यावानी वांग्यात घुसला!"

"माझा आवाज ओळखू नाही आला?"

"आला ना. पण भूत बी वळखीच्याच आवाजात येते बाबू."

मी तिथेच मातीत बसलो. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू गेलं. पदराने माझं तोंड पुसलं... पंचवीस वर्षांच्या पोराचं.

परतताना वांग्यांची पाटी मी घेतली. रस्त्यात तीच म्हणाली, "तुह्या सरांले सांग, वरच्यायले बी कोणी हे शिकवलं असंन. आपणच दोनदा हाक मारून गप बसलो असू." मला हसू आलं, आणि खरंच जरा बरंही वाटलं. आपल्याला कुणी ऐकलंच नाही आणि ऐकून कुणी थांबलं आहे, यात केवढा फरक आहे...

परवा तिला पुन्हा उशीर झाला. फोन पुन्हा घरीच! मी धुऱ्यावर पोचलो, हाक मारली, ती पुरी तोंडाबाहेरही पडली नव्हती, तेवढ्यात वांग्यांतून आवाज आला, "ओ रे बाबू! हावो मी!"

जन्मभर पाळलेला नियम तिने मोडला. विचारलं तर पाटी माझ्या डोक्यावर देत म्हणाली, "भूत असंन तर पाहून घेईन त्याले. तू घाबरतं ना."

वर कुणी असेल तर त्यांच्यातल्या घाबरटांनाही असं एखादं माणूस मिळालेलं असो.