बर्फावरची राख

आमच्या डोंगरातल्या तोचिदाइरा गावात मार्च सरत आला की बायका शेतातल्या बर्फावर भाताच्या तुसाची काळी राख फेकतात. काळ्यावर ऊन चढतं, बर्फ लवकर विरतो आणि लावणीला जमीन वेळेवर मोकळी होते. या कामात मासानोचा हात धरणारं कुणी नव्हतं. चाळणीतून पडावी तशी सारखी पडायची तिची राख.

तिचा एकुलता एक मुलगा शिगेओ डोंगरापलीकडे मित्राकडे गेला होता. पहाटे बर्फ दगडासारखा असतो तेव्हा निघायचं आणि उताराला ऊन लागायच्या आत परतायचं, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चाळिशीच्या शिगेओला नव्हतं का? पण मित्रानं तांदळाची दारू, साके, पुढे केली, हा बसला तो बसलाच, आणि भर दुपारी निघाला. गवताच्या उतारावर बर्फाची दरड अर्धी सुटली आणि त्याला घेऊन खालच्या ओढ्याच्या घळीत जाऊन बसली.

गावकऱ्यांनी लांबलचक बांबू खुपसून खुपसून शोधलं. शेवटी आग विझवणाऱ्या पथकाचा म्होरक्या गोहेई, नात्यानं मासानोचा चुलत दीर, तिच्यापाशी आला.

"वहिनी, थांबवतो आता. वर उरलेल्या बर्फाला माणूस मावेल एवढी भेग पडलीय. आणखी कुणाला गाडायचं नाही मला. जूनमध्ये बर्फ विरला की सापडेल तो."

"जूनपर्यंत तो तिथे पडून राहणार? आणि मी इथे गरम भात गिळत बसू?"

"गेलाय तो, वहिनी."

"ते मला नका सांगू! मला त्याच्या अस्थी वेचायच्यात. माझ्या हातानं. एवढंच मागतेय मी."

दुसऱ्या पहाटेपासून बाई राखेची टोपली पाठीला लावून घळीत जायला लागली. गोहेईला कळलं तसा तो तणतणत आला.

"अक्कल गहाण टाकलीत का?"

"ऊन पडायच्या आत घरी असते मी. तुमच्या पुतण्यासारखी नाही," ती म्हणाली आणि मग तिचं तिलाच रडू फुटलं.

त्यानं समोरच्या टेकाडावर बैठक मांडली. तोंडात शिट्टी, डोळे भेगेवर.

"शिट्टी वाजली की टोपली टाकून पळायचं. टोपली घेऊन नाही, कळलं?"

"सासूबाईंची आहे ती टोपली."

"माझी काकूच होती ना? ती काही बोलणार नाही."

बर्फ झपाट्यानं खचू लागला. एके सकाळी शिगेओचा गळ्यातला निळा पंचा वर आला. मासानोनं तो छातीशी धरला आणि कित्येक दिवसांनी आनंदानं ओरडली, "भावजी, सापडतोय हो!" त्या दिवशी तिनं आणखी दोन टोपल्या राख टाकली.

मग दक्षिणेचा गरम वारा सुटला आणि पाऊस कोसळला. उजाडता उजाडता दोघं घळीवर पोचली, तर मधला बर्फ नव्हताच. खालून ओढा पोखरत होता, वरून राख. पातळ झालेलं छत एका पावसात ढासळलं होतं आणि तळातून गढूळ पाणी गर्जत चाललं होतं. पार मोठ्या नदीपर्यंत गावानं काठ पिंजून काढले. काही मिळालं नाही.

"पाऊसच तसा झाला, वहिनी."

"पाऊस दरवर्षी होतो. घळीतला बर्फ जूनपर्यंत टिकतो. तुम्हीच म्हणाला होतात."

शिट्टी अजून गोहेईच्या गळ्यात होती.

देवळातल्या भिक्षूनं शेवटी त्या पंच्यालाच अग्नी दिला. अस्थी वेचायच्या लांब काड्या हातात घेऊन मासानो बसली होती. पंच्याच्या राखेत वेचायला काय असणार? ती बराच वेळ राख चाळत राहिली, मग कुणीतरी तिच्या हातातून काड्या काढून घेतल्या.

पुढच्या मार्चला गावची सगळी शेतं काळी झाली. मासानोचं तेवढं पांढरं. गोहेई भरलेली टोपली घेऊन तिच्या बांधावर आला.

"वहिनी, मी टाकू का? लावणीला उशीर होईल."

"होऊ दे."

"भात हाती लागायचा नाही."

"खाणार कोण आहे?"

तो भरलेली टोपली तशीच घेऊन घरी गेला.