तिसऱ्या भागाच्या शोधात पोशेऱ्याला

नाशिकच्या स्टँडवर मोटार उभी होती, प्रवासी बसले होते, आणि ड्रायव्हर निवांत चहा पीत होता. माझ्या काखेत दोन जाड पुठ्ठे आणि सुतळीचं एक भेंडोळं. येताना त्या पुठ्ठ्यांमध्ये पुस्तक बांधून आणायचं, असा बेत होता.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि फावल्या वेळात रशियातल्या प्रचारी व्यंगचित्रांची पुस्तकं जमवतो. रशियनचं एक अक्षर मला येत नाही आणि राजकारणात तर मुळीच गती नाही. पण ढेरपोट्या शेठजीला उंच टोपी घालून, खिशात बॉम्ब कोंबून, दोन फटकाऱ्यांत उभा करणाऱ्या त्या चित्रकारांवर माझा जीव जडला आहे. “रशियाचं सरकार तुम्हाला पगार देतं का?” असं बायको अधूनमधून विचारत असते.

मॉस्कोत छापलेल्या एका भल्या मोठ्या ग्रंथाचे पहिले दोन भाग माझ्याकडे होते. तिसरा काही केल्या मिळेना. मुंबईच्या एका जुन्या पुस्तकवाल्यानं सांगितलं की, त्याच्याकडे एकच प्रत आली होती आणि ती जव्हारचे भोये गुरुजी घेऊन गेले. शाळेला सुट्टी लागताच मी निघालो.

त्र्यंबक सोडलं आणि घाट सुरू झाला. डोंगर वाळून करडे पडलेले, मध्येच एखादा पळस नुसता फुलांनी पेटलेला. खाचरांतून धूर निघत होता. रोपं टाकायची जागा आधी पालापाचोळा घालून भाजतात. त्याला इकडे राब (भाजलेली वाफ्याची जमीन) म्हणतात. मोखाड्याच्या अलीकडे मोटारीचं पाणी उकळलं. ड्रायव्हर डबा घेऊन ओहोळाकडे गेला, तर शेजारची बाई शांतपणे उतरून मोहाची फुलं वेचू लागली. तिची ओटी भरली तरी ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. मी मात्र उगाचच पुठ्ठ्यांची सुतळी सोडबांध करत बसलो.

जव्हार मला आवडलं. हवा गार, रस्ते स्वच्छ, आणि गावाला अजून राजधानीचा रुबाब. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती, तरी लोक बोलताना “आमच्या दरबारात” असंच म्हणत. भोये गुरुजींनी हसतमुखानं स्वागत केलं, गूळ-पाणी दिलं. मी पुस्तकाचं नाव काढलं मात्र, त्यांनी उठून दार लावून घेतलं.

हळू आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. चित्रं पाहून हौसेनं घेतलं होतं ते पुस्तक. पुढे शाळा सरकारी झाली, गुरुजी सरकारी नोकर झाले. डोंगरातल्या लाल बावट्याच्या चळवळीमुळे लाल रंगाचं काहीही दिसलं की वरच्यांचे कान टवकारायचे. तेवढ्यात साहेब तपासणीला येणार अशी बातमी आली, आणि गुरुजींच्या फळीवर हे लालभडक पुस्तक. त्यांची झोपच उडाली.

“मग जाळलंत?” मी विचारलं.

“सरस्वती जाळायची कशी? हात धजावला नाही,” गुरुजी म्हणाले. “पोशेऱ्याच्या रामजीबाबाला देऊन टाकलं. बोहाड्याची सोंगं करतो तो. म्हटलं, जायचंच तर देवाच्या कामी जाऊ दे.”

बोहाडा म्हणजे इकडचा देवीचा उत्सव. देव-राक्षसांचे मुखवटे घालून लोक नाचतात. त्यांना सोंगं म्हणतात. मुखवटे होतात कागदाचे. हे ऐकून मी लगेच पोशेऱ्याची वाट विचारून घेतली. एक वेडी आशा होती, की म्हाताऱ्याला अजून कागद लागला नसेल.

दुसऱ्या दिवशी मोटारीनं मोखाडा गाठलं आणि पुढे पायी पोशेऱ्याला पोचलो. रामजीबाबा अंगणात बसून एका मुखवट्याला रंग देत होते. त्यांच्या घरच्यांनी आधी जेवायला वाढलं: नागलीची (नाचणीची) भाकर, उडदाचं वरण आणि डोळ्यांत पाणी आणणारी मिरचीची चटणी. मी भाकर अर्धी ठेवून पुस्तकाचं विचारलं.

“तो कागुद लय चांगला,” बाबा कौतुकानं म्हणाले. “भिजायलाच तयार नाय. दुसरा कागुद रातभर ठेवला का गळतो. ह्यानं लय दम काढला.”

मला खरोखर रडू यायचं बाकी होतं. बाबांनी घरात जाऊन एक मुखवटा आणला. फुगलेले गाल, बारीक डोळे, दातांत फट, आणि डोक्यावर मुकुटाच्या जागी उंच, सरळ, काळी टोपी. माझे ढेरपोटे शेठजी राक्षस होऊन माझ्याकडे बघत होते. चित्र आवडलं म्हणून तसाच साचा केला, असं बाबा म्हणाले. मुखवटा उलटा केला, तर आतून खळीनं चिकटवलेली पानं: एका कानाशी मिशीवाला जर्मन, कपाळाशी रशियन अक्षरं. तिसरा भागच तो.

मी वाटेल ती किंमत द्यायला तयार झालो. बाबांनी मान हलवली.

“देवीपुढं नाचलेला इकत नाय.”

“पण बाबा, हा तर राक्षस आहे.”

“राक्षस नसला त देवी मारील कोणाला?”

माझा चेहरा पडलेला पाहून बाबांना वाईट वाटलं असावं. “घालून त बघा,” असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्याला फडकं गुंडाळलं आणि मुखवटा चढवला. आत खळीचा वास आणि अंधार. डोळ्यांच्या भोकांतून ऊन आत आलं तसं नाकासमोरचं पान दिसू लागलं. त्यावर एक हात होता, पैशाची पिशवी घट्ट धरलेला. तीच रेषा, तेच फटकारे. इतक्या जवळून मी एकही चित्र कधी पाहिलं नव्हतं. बाहेर रामजीबाबांच्या घरच्या बायका हसत होत्या.

“काय दिसतं?” बाबांनी विचारलं.

“माझं पुस्तक,” मी म्हटलं, आणि जागच्या जागी दोन पावलं नाचलोसुद्धा.

परतताना वाट वाकडी करून जव्हारला गेलो. गुरुजींनी पुन्हा दार लावलं. बाहेरून काही ओळखू येतं का, एवढंच त्यांना हवं होतं. येत नाही म्हटल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला. मग तो पैशाच्या पिशवीवाला हात कुठे बसला आहे, असं विचारलं. नाकासमोर, असं सांगितल्यावर ते कितीतरी वेळ खुशीत होते.

नाशिकला पोचलो तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. तिनं माझ्या काखेतल्या रिकाम्या पुठ्ठ्यांकडे पाहिलं.

“नाही ना मिळालं?”

“मिळालं,” मी म्हटलं. “घालूनही पाहिलं.”