आईचं माप

बाबांना माणसांची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत. ते बायकांचे कपडे शिवायचे, सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, आणि गल्लीतल्या बायका त्यांच्या लेखी नुसती मापं होती. "ती उतरत्या खांद्याची येऊन गेली गं," ते आईला सांगायचे, "आणि त्या आखूड मानेचा कोट उद्या द्यायचाय." बाही जिथे जोडतात त्या घेराला शिवणकामात मुंढा म्हणतात. एकदा त्यांनी बँकेतल्या बाईंना भर रस्त्यात विचारलं होतं, "काय हो मोठा मुंढा, बऱ्या आहात ना?" बाईंनी पुढे महिनाभर दुकानाचं तोंड पाहिलं नाही. त्यामुळे हा माणूस विसरायला लागलाय हे आमच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

रस्त्याकडची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. दुकानात दोन मशीन, कापायचं लांब टेबल, गिऱ्हाइकांसाठी बाक आणि खिडकीखाली आईची खुर्ची. कापायचे आणि शिवायचे बाबा. काज, बटणं, तुरपाई, थोडक्यात ज्याला मशीन चालत नाही ते सगळं आई. एक्केचाळीस वर्षं दोघं एका खोलीत बसली आणि रोज भांडली. मी एकुलती एक लेक. शाळेत गणित शिकवते, आणि घरातली शहाणी मीच, असं तेव्हा माझं ठाम मत होतं.

आधी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. बाबांनी तो उसवला, पुन्हा शिवला, पुन्हा दोन्ही डाव्याच. "कापडच फसवं आहे," म्हणून त्यांनी कोट भिरकावून दिला. मग कात्री चोरीला जायला लागली. तेच ती पिठाच्या डब्यात लपवायचे आणि तेच आईवर चोरीचा आळ घ्यायचे. मग रिकाम्या बाकावर बायका येऊन बसायला लागल्या. "त्या तिघी कधीच्या बसल्यात, त्यांना पाणी तरी विचार," बाबा म्हणायचे. मी सांगायची की बाकावर कोणी नाही, आणि घरात रामायण व्हायचं. आई मात्र गुपचूप तीन पेले भरून आणून ठेवायची. दिवस शांत जायचा. ते पेले उचलताना मला तिचाच राग यायचा.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो काढायला लावला आणि तो उजेडावर धरून आम्हाला दाखवला. आठवणी सांभाळणारा भाग दोन्ही बाजूंनी आकसला होता. मधल्या पाण्यानं भरलेल्या पोकळ्या मोठ्या झाल्या होत्या. उजव्या बाजूला पुढे मेंदू जास्तच झिजला होता. "मनात काहीबाही आलं तर ते खरं की खोटं, हे पडताळायला हा भाग लागतो," त्या म्हणाल्या. "आता भास होतील, संशय येतील. समजुतीनं घ्या."

बाबा खाली वाकून फोटो बघत होते. म्हणाले, "आकसणारच. कापायच्या आधी कापड भिजवून घेतलं नव्हतं कोणी." डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं, मलाही. आई हसली नाही. निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि बजावलं, "वाद घालू नका. त्यांना पुरावे देत बसू नका. पुराव्यानं हे जात नाही." मी मान हलवली. वर्गातली मुलंसुद्धा अशीच मान हलवतात, आणि त्यांच्या डोक्यात किती शिरलेलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

दोन वर्षांनी एका सकाळी चहा पिता पिता बाबा मला म्हणाले, "ह्या बाई कोण आहेत?"

"बाबा, आई आहे ती."

"दिसते तिच्यासारखी. आवाजही तोच काढते. चांगलं शिकवून पाठवलंय." मग आवाज खाली आणून, "पण ती नाही ही."

आई म्हणाली, "अहो, असं काय करता? मीच आहे."

बाबा ताडकन उठले. "मला अहो म्हणायचं नाही. ते ती म्हणते."

हाक मारायला एवढं एकच तोंडात रुळलेलं होतं बिचारीच्या, तेही गेलं. त्या दिवसापासून ती त्यांना गल्लीसारखी मास्तर म्हणायला लागली आणि ते तिला अहो बाई. इतकी वर्षं "अगं, ए, ऐकलंस का" करणारा माणूस तिच्याशी इतक्या अदबीनं बोलायला लागला की ऐकवत नसे. तिच्या हातचं खाईनात, मग रांधायची ती आणि वाढायची मी. तिला खिडकीखालच्या खुर्चीत बसू देईनात, कारण ती खुर्ची बायकोची आणि बायको यायची होती. दिवसभर दाराशी उभे राहायचे. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, चेहरा त्यांना ओळखता येतो, पण तो पाहून आतून जे आपलं वाटायला हवं ते वाटत नाही, मग मेंदू स्वतःच काहीतरी कारण जुळवतो. आईनं हे ऐकून घेतलं आणि फक्त एकच विचारलं, "एकदा तरी ओळखतील का हो?" तिचं दुसरं काही मागणंच नव्हतं.

आणि मग मी शहाणपण पाजळलं. मला वाटलं, जगात बाबांचा विश्वास एकाच गोष्टीवर आहे, टेपवर. मापांची जुनी वही काढली. आठ वर्षांपूर्वी त्यांनी आईला कोट शिवला होता. पानावर त्यांच्याच हातचे आकडे होते: छाती अडतीस, कंबर चौतीस, खांदा साडेचौदा. "बाबा, ह्या बाईंचं माप घ्या," मी म्हणाले. "जुळलं तर मानाल ना?"

"जुळलं तर काय, मानलंच पाहिजे," बाबा म्हणाले.

त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि हात एकदम पूर्वीसारखे चालायला लागले. चमचा धरताना थरथरणारी बोटं टेपवर जराही हलेनात. "हात वर करा बाई. श्वास सोडा." आईनं डोळे मिटून घेतले होते. त्या माणसानं वर्षभरात तिला हात लावला नव्हता.

छाती तेहतीस भरली. कंबर साडेअठ्ठावीस. बाबांनी पुन्हा मोजलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाढा चुकलेल्या मुलाकडे पाहते. "पाच इंच," ते म्हणाले. "बाई वाईट नाहीत, पण ही ती नाही. तूच सांग आता."

आई पाच इंचांनी वाळली होती, माझ्या डोळ्यांदेखत. मी बाबांच्या गोळ्या, बाबांची झोप, बाबांचा तोल सांभाळत होते. आईकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आणि इतके दिवस बाबांच्या मनात जो नुसता संशय होता त्याला मी पुरावा आणून दिला होता. माझी मलाच लाज वाटली, अजून वाटते.

आई मला एका शब्दानं बोलली नाही. चार दुपारी ती स्वयंपाकघरात पाय पसरून बसली आणि जुन्या सुती कापडाच्या दोन थरांत कापूस भरून तिनं अंगाबरोबरची बंडी शिवली, सगळी हातानं. खांद्याला थोडा, छातीला जास्त, कमरेला गोल. मध्ये मध्ये मला टेप धरायला लावायची. अडतीस पुरे झाले तेव्हा तिनं कपाटातून तो जुना कोट काढला आणि बंडीवर चढवला. कोट अंगावर नीट बसला. आरशासमोर ती क्षणभर हसली, आणि मला रडू आलं.

"मास्तर," ती दुकानात जाऊन म्हणाली, "परत घेता का माप?"

बाबांनी घेतलं. छाती अडतीस. कंबर चौतीस. खांदा साडेचौदा. त्यांनी वहीत पाहिलं, टेपकडे पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं. मी मशीनचं चाक घट्ट धरून उभी होते. मग त्यांचा अंगठा खांद्यावर दबला. इतकी वर्षं शिवण केलेला अंगठा तो, त्याला का कापूस कळणार नव्हता? त्यांनी कोटाची बटणं काढली, बंडीची कड उलटली आणि टाके बघितले. बघता बघता त्यांचा चेहरा असा उजळला की आई पुढे सरकली.

"हे टाके तिचे आहेत," बाबा म्हणाले. "हा हात तिचाच. म्हणजे आहे ती." आणि दुसऱ्या क्षणी त्यांनी आईपुढे हात जोडले. "बाई, तिला कुठे ठेवलंय तुम्ही? तिच्याकडून शिवून घेता आणि घालून मिरवता? तिला सोडा हो. तिचे डोळे दुखतात बारीक कामानं."

आई कोटाच्या दोन्ही कडा धरून उभीच राहिली. मग म्हणाली, "सांगते तिला."

बंडी बाबांनी ठेवून घेतली, ती आता त्यांच्या उशाशी असते. त्याला सात महिने झाले. बाकावरच्या बायका औषधानं गेल्या. हे गेलं नाही, आणि जाणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलंय. बाबांच्या लेखी त्यांची बायको कुणाच्या तरी घरी कोंडलेली आहे, आणि तिची खबर फक्त या बाईंना आहे. ते तिच्या हातचं पुन्हा खायला लागलेत, पण ते तिची मर्जी राखायला.

रोज सकाळी ते तिला गाठतात. "बाई, भेटलात तिला? मी वाट बघतोय म्हणून सांगितलंत?"

"सांगितलं मास्तर."

"मग काय म्हणाली?"

इतके महिने आईनं निभावून नेलं. बरी आहे म्हणाली, जेवा म्हणाली, औषध घ्या म्हणाली. काल ती त्यांना उत्तर न देताच उठून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकली. बाहेरून बाबा विचारतच होते. आई हळू आवाजात मला म्हणाली, "तू सांग गं, तुला सुचतं. काय म्हणाले मी?"