लंगडत जा, ताई

"ताई, स्टेजवर जाताना जरा लंगडत जा."

असं म्हणून त्यानं माझ्या मांडीवर पिशवी ठेवली. आत पिक्चरमधलं लुगडं होतं. राखेनं मळलेलं, खांद्यावर फाटलेलं. ते नेसून जा म्हणे.

मी मेकअप रूममध्ये बसली होती. देशपातळीचा चित्रपट महोत्सव, तोही नागपुरात, अन् सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मले. मी पांढरी साडी नेसून आली होती. दसऱ्याले दीक्षाभूमीवर नेसून जातो, तीच. आमच्यात मोठ्या दिवशी पांढरंच नेसतात.

मले वाटलं, मजाक करून राहिला. दिग्दर्शक होता तो आमचा, पुण्याचा. कोराडीकडे शूटिंग होतं तेव्हा महिनाभर माझ्या घरी चटईवर बसून जेवला. पाटोडीची भाजी मागून मागून खायचा. बहीण नाही मला, म्हणायचा.

"काहून?" मी विचारलं.

"लोकांना ती बाई बघायची आहे. तुम्ही अशा गेलात तर त्यांचा विरस होईल."

ती बाई म्हणजे पिक्चरमधली मजुराची माय. वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याकाठून डावा पाय ओढत चालणारी. तो पाय माझा. कथेत फक्त 'थकलेली' लिहिलं होतं. लंगडणं मी घरी सैपाकखोलीत चालून चालून बसवलं. पोरगी वैतागून म्हणायची, "माय, धड चाल वं."

मी हिंगण्याले कंपनीत पॅकिंगले आहे. शिफ्ट सुटली की नाटकाची तालीम. कामगारांच्या स्पर्धेत किती वर्षं काम करून राहिली. त्यानं मले तिथंच पाहिलं. पहिल्या रांगेत बसून.

तेवढ्यात महोत्सवाची एक बाई व्हीलचेअर ढकलत आली. मोठ्या मायेनं म्हणाली, "पायऱ्या आहेत ना, म्हणून आणली. सर सांगत होते, तुम्ही त्यांना राखेच्या तळ्यावर भेटलात. कॅमेरासुद्धा कधी पाहिला नव्हता. म्हणूनच इतकं खरं वाटतं. तुम्ही अभिनय केलाच नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये पाहून राहिला होता.

शाळेतलं आठवलं. नाटकात मोलकरणीचं काम निघालं की बाई माझ्याकडे बोट दाखवायच्या. "हिलाच द्या. हिला शिकवायची गरज नाही." सारा वर्ग हसायचा. पण त्या बाई माझ्या घरी जेवल्या नव्हत्या. त्याईनं मले कधी ताई म्हटलं नव्हतं. म्हणून यानं केलेलं जास्त लागलं.

ती व्हीलचेअरवाली बाई गेल्यावर मी म्हटलं, "माझं नाटक तू पाहिलं होतं गा."

"कामगार नाटकातली नटी म्हटलं तर कोण विचारतं, ताई? राखेतली बाई म्हटलं की विचारतात. परीक्षकांनाही तेच सांगितलंय. आता मला तोंडघशी पाडू नका. पुढच्या पिक्चरमध्येही तुम्हीच आहात."

म्हणजे पुरस्कार पायजे, पुढचं काम पायजे, तं लंगडायचं. जन्मभर.

माझं नाव पुकारलं. मी लुगड्याची पिशवी व्हीलचेअरवर ठेवली अन् चालत गेली. दोन्ही पाय धड टाकत, पायऱ्या चढत. टाळ्या मधेच मंदावल्या. समोरचे लोक माझ्या पायाकडे पाहून राहिले होते.

माइकवर म्हटलं, "जय भीम. माझे पाय धड आहेत. लंगडणं मी तालीम करून बसवलं. मी नटी आहे. तुम्ही त्या बाईची कीव करून हे देत असाल, तं आताच परत घ्या."

कोणी परत घेतलं नाही. मी पुरस्कार घेऊन खाली उतरली. तो माझ्या बाजूनं निघून गेला, थांबला नाही. पुढच्या पिक्चरचा फोन काही आला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता तो पिक्चरमधला, फाटक्या लुगड्यातलाच. वर लिहिलं होतं, राखेतलं रत्न.

मी रडली. खोटं काहून सांगू? त्याच्यासाठी टाकलेली चटई आठवून रडली.

आता कोणी ताई म्हणत दारात आला, तं मी चटई नाही टाकणार. उभ्या उभ्या विचारणार, मी नटी आहे हे चारचौघांत सांगशील काय? त्यानं मान खाली घातली, की दार लावून घेणार. मले तालमीले जायचं असते.