पायावर उमटलेला अंगठा

नातू सुखरूप झाला तर नवरात्रभर अनवाणी राहून रोज अंबडच्या देवीचा डोंगर चढेन, असा नवस मी बोलले होते. बोलताना गुडघ्यांना कुठं विचारलं होतं! दुखण्याच्या गोळ्या मी वर्षभर मेडिकलमधून आणून खातच होते. नवरात्रात त्या वाढवल्या. मग पाय सुजले, सकाळी डोळ्यांखालीही फुगायला लागलं. मालक दवाखान्यात चल म्हणून मागं लागले. देवी परीक्षा बघतेय, मधे पडू नका, असं म्हणून मी त्यांनाच गप्प केलं. पण मनातून फार भ्याले होते.

आमच्याकडं देवीसाठी अनवाणी असलेल्या बाईच्या पाया पडतात. एके दिवशी डोंगर चढताना दम लागून मी पायरीवर बसले होते. एक अनोळखी बाई आली आणि माझे दोन्ही पाय धरून तिनं डोकं टेकवलं. सोयाबीन काढून चिरलेले तिचे हात अजून आठवतात. उठता उठता ती परत खाली बसली. तिचे अंगठे दाबले होते तिथं माझ्या पायांवर खड्डे पडले होते, आणि ते भरून येत नव्हते. तिनं माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं.

“माय, ही नुसती चालल्याची सूज न्हाई. माझ्या आईचं असंच झाल्तं. आजच दवाखान्यात जा.”

नवस अर्धा राहील, मी म्हटलं.

“पायबी तिचेच हायेत,” ती म्हणाली आणि गर्दीत वर चढून गेली.

मी तशीच उतरले. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली. सूज फार वेळ उभं राहिल्यानं येते, जास्त मिठानं येते, हृदय किंवा लिव्हर बिघडलं तरी येते, असं त्यांनी समजावलं. माझी मात्र किडनीची होती, त्या गोळ्यांनी आलेली. अजून उशीर केला असता तर किडनी हाती लागली नसती, असं ते म्हणाले. गोळ्या बंद झाल्या, औषध सुरू झालं, सूज हळूहळू उतरली.

नवस अर्धाच राहिला. आता चपला घालून पायथ्यापर्यंत जाते, झेपेल तेवढं चढते. त्या बाईचं नाव-गाव मला माहीत नाही, आणि ती कोण होती याचा वादही मी कुणाशी घालत नाही. जन्मभर देवीच्या पायांना मी हात लावत आले. त्या दिवशी तिनं माझ्या पायांना लावला.